सत्तरीपारचं आयुष्मान कार्ड: कसं काढायचं, कुठे अडतं

घरात सत्तर वर्षं पूर्ण झालेलं कुणी असेल तर आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड दुखणं येण्याआधीच काढून ठेवा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंगही बघत नाहीत. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात; आजी-आजोबा दोघंही सत्तरीपार असतील तर पाच लाख दोघांत मिळून. घराला आधीपासून आयुष्मानचं संरक्षण असेल, तर ज्येष्ठांचे हे पाच लाख वेगळे. जुना मधुमेह, बीपी, हृदयविकार पहिल्या दिवसापासून धरतात. खासगी विमा यात आड येत नाही की थांबायला लावत नाही. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-निवृत्तांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असलेल्यांना मात्र दोन्हींतलं एकच निवडावं लागतं, तेव्हा घाईत होकार देऊ नका.

कागद एकच लागतो: आधार. आयुष्मान अ‍ॅपमध्ये लाभार्थी म्हणून लॉगिन करून सत्तरीपारची नोंदणी निवडा, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करा, फोटो काढा. जमत नसेल तर सीएससी, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रात जा.

बहुतेकांचं अडतं ते ई-केवायसीला. आयुष्यभर शेतात राबलेल्या किंवा भांडी घासलेल्या बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन अंगठा घेतच नाही. पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. ओटीपी किंवा चेहऱ्याची पडताळणी निवडा. आधारला जोडलेला मोबाइल बंद पडला असेल तर आधी आधार केंद्रात नवा नंबर जोडून घ्या. वयही आधारवरूनच ठरतं, म्हणून जन्मतारीख चुकली असेल तर तीही तिथेच दुरुस्त करा.

दुसरी चूक रुग्णालय निवडताना होते. ते योजनेच्या यादीत आहे, एवढं कळून भागत नाही. मोतीबिंदूसाठी यादीत असलेल्या ठिकाणी हृदयाची शस्त्रक्रिया योजनेतून होईलच असं नाही. म्हणून नेमका आजार सांगून विचारा, "हा उपचार योजनेत, तुमच्याकडे होतो का?" चौकशी आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात योजनेसाठी मदत करणारा माणूस) किंवा १४५५५ या हेल्पलाइनवर करा. साधी ओपीडी तपासणी यात बसत नाही, भरती व्हावं लागतं. भरतीआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांची औषधं मात्र पॅकेजमध्येच असतात. ती डिस्चार्जच्या वेळी मागून घ्या.

कुणी वर पैसे मागितले तर भरण्याआधी १४५५५ वर फोन करा. योजना कॅशलेस आहे; नंतर बिलं दाखवून पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका.