फॉरमॅट मारण्याआधी: डीव्हीडीवरून संगणक कसा चालवावा

विंडोज सुरू होताना निळ्या पडद्यावर अडकले, की संगणक पिशवीत घालून नागपूरच्या सीताबर्डीतले दुकान गाठायचे आणि ‘फॉरमॅट मारावा लागेल’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालावे लागेल, हे वाक्य ऐकून मान डोलवायची, अशी आपल्याकडची रीत आहे. विंडोज बिघडले म्हणून हार्ड डिस्कवरचे फोटो, हिशेब आणि प्रबंध नष्ट झालेले असतातच असे नाही. बहुतेक वेळा ते जागच्या जागी असतात, फक्त त्यांच्यापर्यंत जाण्याचे दार बंद झालेले असते. अशा वेळी हार्ड डिस्कला हात न लावता, केवळ एका डीव्हीडीवरून पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम चालवता येते आणि त्या वाटेने आपली माहिती बाहेर काढता येते. या डीव्हीडीला ‘लाइव्ह’ डीव्हीडी म्हणतात.

तिचे काम कसे चालते हे आधी समजून घेतले, तर पुढच्या अर्ध्या अडचणी उद्भवतच नाहीत. डीव्हीडीवर संपूर्ण सिस्टिम एका दाबून बसवलेल्या मोठ्या फाइलच्या रूपात असते आणि गरज पडेल तसा तिचा तेवढाच भाग उलगडून वाचला जातो. डीव्हीडीवर काही लिहिता येत नसल्यामुळे आपण केलेला प्रत्येक बदल रॅममध्ये ठेवला जातो आणि संगणक बंद केला, की तो पुसला जातो. क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली आणलेल्या क्नॉपिक्स या लाइव्ह सिस्टिमने याच युक्तीने सुमारे दोन जीबीचा मजकूर ७०० एमबीच्या सीडीत बसवून दाखवला होता. न लिहिता येण्याचा हा गुण उन्हाळ्यात नागपूरकरांच्या विशेष उपयोगी पडतो. काम चालू असताना वीज गेली, तरी लाइव्ह सिस्टिमचे स्वतःचे काहीच बिघडत नाही; पुन्हा सुरू केली, की ती पहिल्यासारखीच कोरी उभी राहते. मात्र त्याच क्षणी पेन ड्राइव्हवर उतरत असलेली फाइल अर्धवट राहू शकते, हे विसरू नये.

कोणती सिस्टिम घ्यावी, हे डीव्हीडीच्या मापावरून ठरते. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात, त्यामुळे उबुंटू या लिनक्स सिस्टिमच्या २४.०४ या आवृत्तीची डेस्कटॉप आयएसओ फाइल (म्हणजे संपूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल) तिच्यावर बसत नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती सुमारे तीन जीबीची असते, तिला किमान दोन आणि सोयीसाठी चार जीबी रॅम लागते, आणि विंडोजची सवय असलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. म्हणून माझी पसंती तिलाच आहे. संगणक फारच जुना आणि रॅम कमी असेल, तर काहीशे एमबीची पपी लिनक्स घ्यावी. ती सहसा पूर्णपणे रॅममध्ये चढते, त्यामुळे नंतर डीव्हीडी वाचण्यासाठी थांबावे लागत नाही.

आपला संगणक बंद असल्यामुळे आयएसओ फाइल शेजाऱ्यांच्या किंवा मित्राच्या संगणकावर, आणि तीही त्या सिस्टिमच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी. फाइल जशीच्या तशी उतरली की नाही हे सांगणारी, तेथे दिलेली ६४ अक्षरांची एसएचए २५६ खूण विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधील सर्टयुटिल या आज्ञेने पडताळता येते. हे कंटाळवाणे काम बहुतेक जण टाळतात आणि मग अर्धवट उतरलेल्या फाइलचा दोष डीव्हीडीला देतात. त्यानंतर आयएसओ फाइलवर उजवी टिचकी देऊन ‘बर्न डिस्क इमेज’ हा पर्याय निवडावा आणि वेग निवडण्याची सोय असल्यास तो कमी ठेवावा. आयएसओ फाइल साध्या फाइलसारखी डीव्हीडीवर कॉपी करणे ही येथील सर्वांत मोठी चूक आहे आणि पहिल्या वेळी मीही तीच केली होती. तयार डीव्हीडी उघडून पाहावी: आत एकच आयएसओ फाइल दिसली तर ती डीव्हीडी वाया गेली, आणि मिंटच्या बाबतीत ‘कॅस्पर’, ‘बूट’ असे फोल्डर दिसले तर ती बरोबर उतरली. नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो; त्यासाठी यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह चालतो.

आता डीव्हीडी आत घालून संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि कंपनीचे चिन्ह दिसताच बूट मेन्यूची, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडण्याच्या यादीची, कळ लागोपाठ दाबावी. डेल व लेनोवोच्या बहुतेक संगणकांवर ती एफ१२, तर एचपीवर एफ९ असते. यादीतून डीव्हीडी ड्राइव्ह निवडला, की मिंटचा मेन्यू येतो; पडदा काळाच राहिला, तर पुन्हा सुरू करून ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडावा. डेस्कटॉप दिसायला काही मिनिटे लागतात आणि ड्राइव्हचा घरघराट ऐकत बसावे लागते, पण मध्येच बटण दाबून संगणक बंद करू नये. सिक्युअर बूटची, म्हणजे फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणाऱ्या सोयीची, सेटिंग कारणाशिवाय बदलू नये. बिटलॉकर हे डिस्कला कुलूप लावणारे विंडोजचे साधन चालू असलेल्या संगणकावर अशा बदलानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती की नसेल तर डीव्हीडीवरूनही त्या डिस्कमधील फाइली उघडत नाहीत.

डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल’ असे लिहिलेले एक चिन्ह असते. त्याच्या वाटेस जाऊ नये, कारण त्यातील चुकीचा पर्याय निवडल्यास ज्या माहितीसाठी हा खटाटोप केला तीच पुसली जाईल. त्याऐवजी फाइल मॅनेजर उघडून डाव्या बाजूला दिसणाऱ्या हार्ड डिस्कवर टिचकी द्यावी, ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये आपले नाव शोधावे आणि हवे ते फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करावेत. फास्ट स्टार्टअप या विंडोज लवकर सुरू करण्याच्या सोयीमुळे विंडोज पूर्ण बंद झालेले नसेल, तर डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडते. घाबरण्याचे कारण नाही, आपल्याला वाचायचेच आहे. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल, तर त्यावर चार जीबीपेक्षा मोठी एकही फाइल मावत नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथेच अडतो. अशा वेळी एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीचा ड्राइव्ह वापरावा. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर सर्वांत महत्त्वाचे फोल्डर आधी घ्यावेत, कारण ती डिस्क किती तास टिकेल याचा भरवसा नसतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना हे काम पहाटे केलेले बरे, मात्र लॅपटॉप कूलरच्या थेट तोंडाशी ठेवू नये; ओलसर वारा त्याला मानवत नाही.

वायफाय दिसत नसेल, तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय, सुरू करावे. बहुधा इंटरनेट लगेच मिळते.

काम झाले, की पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करून मगच काढावा आणि मेन्यूतून संगणक बंद करावा. शेवटी डीव्हीडी काढून एंटर दाबण्याची सूचना येते. डीव्हीडी कागदी पाकिटात घालून कपाटात ठेवावी, स्कूटरच्या डिकीत नव्हे, कारण ऊन आणि उष्णता यांनी तिच्यावरचा रंगद्रव्याचा थर खराब होतो. पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून त्यातले चार फोटो आणि दोन कागदपत्रे प्रत्यक्ष उघडून पाहावीत. ती नीट उघडली, की संगणक घेऊन सीताबर्डीला जावे आणि दुकानदाराला खुशाल फॉरमॅट मारू द्यावा.