कोविडमध्ये घरचं माणूस गेलं आणि आता कॉलेजची फी भरायचीय? गोव्यातल्या मुलांनी सुरुवात कुठून करायची

मे २०२१ मध्ये आमच्या वाड्यावरचे एक ट्रकवाले गेले. खाण बंद पडल्यापासून म्हणजे २०१८ पासून घर तसं ओढाताणीतच चाललेलं, त्यात हे. त्यांचा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता, आता कॉलेजात जातोय. परवा त्याची आई विचारायला आली, म्हणाली, कोविडच्या स्कीमा होत्या म्हणतात, पण त्या तर संपल्या ना रे? तेव्हा लक्षात आलं की बहुतेकांचा समज हाच आहे. काही योजना संपल्या हे खरं, पण काही योजना तर अशा आहेत की त्या वेळी जी मुलं लहान होती त्यांच्यासाठी त्या आत्ता, अठरा पूर्ण झाल्यावर चालू होतात, आणि नेमक्या याच वेळी घरचे विसरून गेलेत. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट स्वतःशी नक्की करा. आई-वडील दोघंही गेले की एकच? कारण सगळी वाट इथूनच फुटते, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

दोघंही गेले असतील, किंवा एक आधीच नव्हते आणि उरलेले कोविडच्या काळात गेले असतील, तर पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन ही केंद्राची योजना. ११ मार्च २०२० ते ५ मे २०२३ या काळात मृत्यू झालेला असावा आणि त्या दिवशी मुलाचं वय अठराच्या आत असावं, अशी अट होती. कायदेशीर पालक किंवा दत्तक घेतलेले आई-वडील गेले असतील तरी चालत होतं. यात मुलाच्या नावावर पोस्टात खातं आहे, अठरा होईपर्यंत ते कलेक्टरबरोबर जॉइंट असतं. अठराव्या वर्षी त्यात १० लाख होतील अशी सोय केलेली आहे, पण ते १० लाख लगेच हातात येत नाहीत हे नीट समजून घ्या. १८ ते २३ या वर्षांत त्या रकमेवर दर महिन्याला स्टायपेंड मिळतो आणि तेवीस पूर्ण झाले की मूळ रक्कम मिळते. म्हणजे कॉलेजची वर्षं तो महिन्याचा स्टायपेंड हाच आधार. शिवाय उच्च शिक्षणाला कर्ज काढलं तर त्याचं व्याज पीएम केअर्समधून भरायची तरतूद आहे, आणि २३ वर्षांपर्यंत ५ लाखांचा आयुष्मान भारत आरोग्य विमा. तेव्हा नाव नोंदवलेलं असेल तर आता अठराव्या वाढदिवसाची वाट बघत बसू नका, एकदोन महिने आधीच आपल्या जिल्ह्याच्या कलेक्टर ऑफिसात आणि बाल संरक्षण युनिटमध्ये जाऊन विचारा की खातं माझ्या एकट्याच्या नावावर करायला कुठले कागद लागतील. पासबुक मामाकडे, काकाकडे, आजीच्या पेटीत कुठेतरी असतं, ते आधी शोधा.

एकच पालक गेला असेल तर ही योजना तुमच्यासाठी नाही. हे ऐकून पुष्कळ जण तिथूनच परत फिरतात, आणि मला खरंच वाईट वाटतं कारण गोव्यात अशीच घरं जास्त दिसतात, वडील गेले आणि आई शिवणकाम करून नाहीतर कुणाच्या घरी जेवण करून मुलांना शिकवतेय. त्यांच्यासाठी स्वनाथ स्कॉलरशिप आहे.

स्वनाथ ही एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या परिषदेची. अनाथ मुलं, कोविडने आई किंवा वडील किंवा दोघंही गेलेली मुलं, आणि शहीद जवानांची मुलं, यांना वर्षाला ५०,००० रुपये. डिग्रीला जास्तीत जास्त चार वर्षं, डिप्लोमाला तीन. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत पाहिजे. देशभरात वर्षाला २,००० जणांना मिळते. अट मोठी एकच, कॉलेजला एआयसीटीईची मान्यता हवी, म्हणजे फर्मागुढीचं इंजिनिअरिंग कॉलेज, पॉलिटेक्निक वगैरे. पण २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए शिकवणारी कॉलेजंसुद्धा एआयसीटीईच्या मान्यतेखाली आली, त्यामुळे तुम्ही बीसीएला असाल तर आपलं काय त्यात म्हणून सोडून देऊ नका, ऑफिसात जाऊन मान्यता आहे का एवढं विचारून घ्या. आणि दुसरी कुठली स्कॉलरशिप चालू असताना ही घेता येत नाही, तेव्हा दोन्हींची रक्कम बघूनच ठरवा.

बीए, बीकॉम, साधं बीएस्सी करणाऱ्यांना स्वनाथ नाही. तिथे केंद्राची कॉलेज विद्यार्थ्यांची सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप बघा, बारावीला आपल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर डिग्रीला वर्षाला १२,००० आणि पुढे एमए-एमकॉमला २०,०००. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे, शंभरातल्या किती मुलांच्या पुढे आहात ते, ही चूक खूप जण करतात, ७४ टक्के मिळाले म्हणून फॉर्मच भरत नाहीत. बोर्डाचा त्या वर्षीचा, आपल्या शाखेचा कट-ऑफ काढा आणि मग ठरवा. इंजिनिअरिंग-डिप्लोमाच्या मुलींना प्रगती स्कॉलरशिपही आहे, तीसुद्धा वर्षाला ५०,०००, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत.

आता राज्याचं. एसटी म्हणजे गावडा, कुणबी, वेळीप समाजातल्या मुलांसाठी आदिवासी कल्याण खात्याची गगन भरारी शिक्षा योजना आहे, एससी-ओबीसीला समाज कल्याण खात्याची पोस्ट मॅट्रिक, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाची स्कॉलरशिप. प्रोफेशनल कोर्सवाल्यांनी टेक्निकल एज्युकेशन डिरेक्टोरेटची बर्सरी स्कीम विचारावी. आणि गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचं बिनव्याजी कर्ज, याबद्दल मी प्रत्येकाला सांगतो कारण बिनव्याजी म्हणजे खरंच व्याज नाही, बँकेच्या दारात जायच्या आधी इथे जा. ही शिक्षणाची ऑफिसं बरीचशी पर्वरीला आहेत, एकाच फेरीत दोनतीन कामं होतात. काणकोणहून, सांग्याहून यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो आणि घरात कमवतं कुणी नसताना तो दिवस परवडत नाही, म्हणून निघायच्या आधी फोन करून साहेब आहेत का आणि काय काय कागद लागतात ते लिहून घ्या.

खरं काम कागदांचं आहे. पहिला कागद कोविडने मृत्यू झाल्याचा पुरावा. नुसत्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतं, तेव्हा हॉस्पिटलने दिलेलं मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट, पॉझिटिव्ह रिपोर्ट, डिस्चार्जचे कागद, सगळं जपून ठेवा. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने नियम काढला होता की टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला तर तो घरी झाला असला तरी कोविडचाच धरायचा, आणि वाद असला तर जिल्ह्याची कमिटी ठरवणार. त्या वेळी ज्यांनी ५०,००० ची भरपाई घेतली, किंवा गोवा सरकारने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना जे २ लाख दिले ते घेतले, त्यांच्याकडे मंजुरीचं पत्र असेलच. ते पत्र आता सोन्यासारखं आहे. पैसे मिळून खर्चून झाले म्हणून ते कुठेतरी टाकून दिलेलं असतं, पण आपलं माणूस कोविडने गेलं हे सरकारनेच मान्य केल्याचा तो कागद आहे. सापडत नसेल तर बँकेच्या पासबुकातली ती एंट्री दाखवून ज्या ऑफिसातून पैसे आले तिथून नक्कल मागा.

दुसरा कागद उत्पन्नाचा दाखला. मामलेदाराकडून, गोवा ऑनलाइनवरून अर्ज करता येतो. इथे जुना दाखला लावू नका. वडील असतानाचा दाखला असेल तर त्यात त्यांची कमाई धरलेली असते आणि तुम्ही उगाच मर्यादेच्या बाहेर जाता. नवा काढा, आईची कमाई, पेन्शन असेल तर ती, जे खरं आहे तेवढंच लिहा. सोबत पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखलाही काढून ठेवा, राज्याच्या योजनांना तो मागतात. जातीचा दाखला असेल तर तोही. हे सगळं बारावीचा निकाल लागायच्या आधी एप्रिल-मेमध्येच करा, निकालानंतर मामलेदार ऑफिसात अख्ख्या तालुक्याची गर्दी असते.

तिसरं म्हणजे आधार. इथे जे बघितलं ते सांगतो. त्या ट्रकवाल्यांच्या मुलाचा फॉर्म भरायला बसलो, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आता आधी ओटीआर काढावा लागतो, म्हणजे एकदाच करायची नोंदणी. नंबर टाकला आणि ओटीपी येईना. शेवटी कळलं की त्याच्या आधारला मोबाईल नंबर वडिलांचा होता. सिम चार वर्षांपूर्वीच बंद. आई दोन मिनिटं काहीच बोलली नाही. लहानपणी आधार काढताना सगळ्यांनी वडिलांचाच नंबर दिलेला असतो, त्यामुळे ही अडचण तुम्हालाही येणार हे धरूनच चाला. आधार सेंटरवर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या, आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे, फोटो अपडेट करायचे असतात ते केले नसतील तर त्याच फेरीत करा.

नावाचं स्पेलिंग हा आपल्या गोव्याचा खास त्रास. जन्मदाखल्यावर गावकर एका स्पेलिंगने, दहावीच्या मार्कशीटवर दुसऱ्याच, आणि बँकेत तिसऱ्याने. नाईकचंही तेच, कारण जुन्या नोंदी पोर्तुगीज वळणाच्या. पोर्टलला हे चालत नाही. दहावीचं सर्टिफिकेट प्रमाण धरून आधार आणि बँक त्याच्याशी जुळवून घ्या. आणि बँकेत नुसतं आधार दिलं म्हणजे झालं नाही, खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला, आधारला सीडेड (जोडलेलं) आहे का असं स्पष्ट विचारा. दोन खाती असतील तर पैसे सीडेड खात्यातच जाणार, तुम्ही फॉर्मवर कुठलंही लिहिलं तरी.

फॉर्म भरून सबमिट केला की लोकांना वाटतं झालं. नाही झालं. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथल्या स्कॉलरशिपचं काम बघणाऱ्या नोडल ऑफिसरने तपासून पुढे पाठवला तरच सरकारकडे पोचतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीचा फॉर्म कॉलेजात तसाच पडून राहिला, शेवटची तारीख गेली आणि वर्षाचे पैसे बुडाले, कोणाला दोष देऊन ते परत येत नाहीत. तेव्हा सबमिट केल्यावर प्रिंट घेऊन ऑफिसात द्या, पोच घ्या आणि आठवड्याने पोर्टलवर स्टेटस बघा. डिफेक्टिव्ह असं दाखवत असेल तर घाबरू नका, दुरुस्तीसाठी तो परत आलेला असतो, पण त्यालाही तारीख असते.

कर्जाचंही सांगायला पाहिजे. एवढं करूनही फी पुरली नाही तर बँकेचं शैक्षणिक कर्ज, ४ लाखांपर्यंत आपले पैसे घालावे लागत नाहीत आणि साडेसात लाखांपर्यंत जमीन-घर तारण ठेवायचं नसतं. घर आजोबांच्या नावावर, इन्व्हेंटरी म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी झालेली नाही, अशी आपल्याकडे अर्धी घरं, म्हणून लोक बँकेत जातच नाहीत. आधी विद्या लक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा, म्हणजे अर्जाची नोंद राहते, आणि शाखेत तारण मागितलं तर लेखी द्या म्हणा. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कोर्स प्रोफेशनल असेल तर शिकत असतानाचं आणि त्यापुढच्या एक वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं, पण ते आपोआप होत नाही, उत्पन्नाचा दाखला देऊन बँकेकडून तो क्लेम करून घ्यावा लागतो. आणि पुन्हा कधी २०२० सारखी वेळ आली आणि हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली, तर लक्षात ठेवा, मार्च ते ऑगस्ट २०२० च्या त्या सहा महिन्यांत हप्ता थांबला होता, व्याज नाही. व्याजावरचं व्याज तेवढं सरकारने नंतर परत दिलं. जमत असेल तर थोडेथोडे भरत राहिलेलं बरं.

घरात अठराच्या आतलं धाकटं भावंड असेल तर त्याच फेरीत बाल संरक्षण युनिटमध्ये मिशन वात्सल्यची स्पॉन्सरशिप विचारा, वडील गेलेल्या मुलाला महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात, गावात घरचं उत्पन्न वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० च्या आत असेल तर. हे एकाला मिळालं की मोठ्याच्या बसपासाचा, पुस्तकांचा ताण तेवढा हलका होतो.

आणि पहिल्या वर्षी पैसे आले की दुसऱ्या वर्षी रिन्यूअल भरायला विसरू नका. पोर्टल साधारण पावसात उघडतं, चतुर्थीच्या गडबडीत राहून जातं, म्हणून मी त्या मुलाच्या आईला सांगितलंय की गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला जाल त्याच्या आधी हे भरून टाका. मार्कशीट, बोनाफाईड आणि फीची पावती एका फायलीत घालून तिने ती देवघराशेजारच्या कपाटात ठेवलीय.