प्रश्नावली छापण्याआधी एक पाळी मागावर काढा

मी इचलकरंजीत एमबीएच्या मुलांचे प्रकल्प तपासते. प्रश्नावलीत दरवर्षी ‘सहमत’वरच खुणा पडतात आणि निष्कर्ष निघतो, कामगार समाधानी आहेत. याचा मालकाला उपयोग नाही, कामगाराला तर नाहीच. म्हणून विषय ठरवण्याआधी कोरी वही घ्या आणि यंत्रमागाच्या खात्यात, म्हणजे माग चालतात त्या कारखान्यात, एक अख्खी पाळी काढा.

माझ्या एका विद्यार्थिनीने चार माग सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, "कामाबद्दल समाधानी आहात का?" खडखडाटात त्यांना ऐकूच गेलं नाही. तेवढ्यात ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला. काकांनी माग थांबवला, टोक शोधलं, गाठ मारली, वहीफणीतून (मागावरच्या उभ्या धाग्यांच्या तारा आणि फणी) ओवून घेतलं, माग सुरू केला. मग म्हणाले, "काय म्हणालीस पोरी?" मजुरी मीटरवर, माग थांबला की कमाई थांबली. पोरगी हुशार, तिने प्रश्नच बदलला: "आज हा माग किती वेळा थांबला, कशानं?" मग काका बोलतच राहिले. सूत कच्चं, आडव्या सुताची कांडी वेळेवर नाही, माग दुरुस्त करणारा जॉबर पलीकडच्या खात्यात.

हाच तुमचा विषय. माग क्रमांक, वेळ, कारण, किती मिनिटं, असे चार रकाने आखा आणि दोन्ही पाळ्यांत तीन आठवडे तरी भरा. मग एकच गोष्ट बदलून पाहा, काही माग मात्र आहेत तसेच ठेवा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

मुंबईजवळच्या तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या 17 कापड कंपन्यांच्या 28 कारखान्यांत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी असंच केलं. काहींना रोजच्या दोषनोंदी, सुताचा साठा लावणं, यंत्रांची देखभाल अशा गोष्टींत महिनोन्महिने मदत दिली, तुलनेसाठी काही कारखान्यांत फक्त तपासणी केली. मदत मिळालेल्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात 17 टक्के वाढली. 2013 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते कारखाने मोठे होते, बारा मागांच्या खात्याला तो आकडा जसाच्या तसा लावू नका. पद्धत घ्या.

शेवटी, तोंडी परीक्षेआधी निष्कर्ष एका पानावर मराठीत लिहून खात्यात वाचून दाखवा. हे मी कुणालाच चुकवू देत नाही. त्या मुलीच्या नोंदीत एका मागावर धागा फार तुटत होता, तिने दोष सुताला दिला होता. काका म्हणाले, "सूत सगळीकडं एकच हाय. ह्यो माग दाराजवळ हाय, वारं लागलं की सूत वाळतंय." तिने तिथेच वहीत पाचवा रकाना आखला: मागाची जागा.