हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुला-मुलींनी अंगात बळ कसं आणावं

जन्मतः हृदयाला छिद्र, लहानपणी ऑपरेशन, आता लेकरू आठवीत, तरी पी.टी.च्या तासाला बाजूलाच बसलेलं. मराठवाड्यात गावोगाव अशी मुलं आहेत. त्यांना लागणारी धाप दर वेळी हृदयामुळेच असते असं नाही. वर्षानुवर्षं बसवून ठेवल्यानं स्नायूही कच्चे राहतात, आणि ते भरून काढता येतात.

आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) होईल, गरज वाटली तर ट्रेडमिल टेस्ट (फिरत्या पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी). नुसतं ‘खेळू द्यायचं का?’ असं विचारू नका. काय चालेल, किती वेळ, काय टाळायचं, हे लिहून घ्या आणि तो कागद पी.टी.च्या सरांना द्या.

परवानगी मिळाली की चालण्यापासून सुरुवात. पहिल्या आठवड्यात रोज १० मिनिटं, चालताना गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं. मग हळूहळू वाढवा.

त्यानंतर पाय. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घ्या आणि ८-१० वेळा उठा-बसा, मोठ्यानं आकडे मोजत. आकडे मोजताना श्वास कोंडला जात नाही, म्हणून हे महत्त्वाचं. श्वास रोखून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. पुढे भिंतीला धरून टाचा उचला. फॉन्टन ऑपरेशन (हृदयाचा रक्त ढकलणारा एकच कप्पा कामाचा असतो तेव्हा करतात ते) झालेल्यांनी हा व्यायाम डॉक्टरांना विचारून जरूर करावा: त्यांच्यात अशुद्ध रक्त हृदयाच्या पंपाशिवायच फुफ्फुसात जातं, त्यामुळे पोटऱ्यांनी वर ढकललेल्या रक्ताचा मोठा आधार असतो. हे दिवसाआड पुरे.

एप्रिल-मेत सगळं उन्हाच्या आत, सकाळीच उरका. लघवीची गोळी चालू असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

भाकरीसोबत घट्ट वरण, मटकीची उसळ, शेंगदाणे, चालत असेल तर अंडं. प्रथिनांशिवाय स्नायू भरत नाहीत.

रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर कबड्डी, कुस्ती नको. पालेभाजी मात्र बंद करू नका, गोळीचा परिणाम कमी-जास्त होऊ नये म्हणून प्रमाण रोज सारखं ठेवा.

छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड थांबेना किंवा ओठ नेहमीपेक्षा निळे दिसले तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली तर लगेच १०८ ला फोन लावा. श्वास चालत नसेल तर गाडी येईपर्यंत छाती दाबत राहा.