राजापूर बाजारातून पायी: पाखाड्या, उन्हाळ्याचे झरे आणि बारसूचा सडा

राजापूरच्या आसपास पायी फिरायचं असेल तर महामार्गावरून सुरुवात करू नका. खाली बाजारात, जवाहर चौकात उतरा. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली या नद्या फुगल्या की पाणी याच चौकात येतं. इथपर्यंत पूर्वी भरतीबरोबर होड्या यायच्या. मोठी गलबतं खाली जैतापूरच्या बाजूला थांबायची, माल होडीतून बाजारात यायचा आणि पुढे अणुस्कुरा घाट चढून देशावर जायचा. इंग्रजांनी १६४९ साली इथे वखार घातली ती या व्यापारासाठीच, आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती ताब्यात घेतली ती इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला केलेल्या मदतीचा हिशेब म्हणून.

मी या तालुक्यात आरोग्यसेविका होते. लसीचा डबा खांद्याला अडकवून वाड्या पालथ्या घातल्या. बऱ्याच वाड्यांना तेव्हा गाडीरस्ता नव्हता, पाखाडी हाच रस्ता. आता डांबरी झाली, लोक मोटारसायकलवर बसले आणि पाखाड्यांवर पाचोळा साठायला लागला. म्हणून हे लिहिते आहे. कुणी चाललं तरच या वाटा राहणार आहेत.

आधी पाखाडी वाचायला शिका. जांभ्याच्या पायऱ्या आणि दोन्ही अंगांना गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण, असलेली ती वाट. दोन फाटे फुटले की खाली बघा. ज्या फाट्याच्या पायऱ्या मधोमध खोलगट झिजल्या आहेत तो देवळाकडे, विहिरीकडे नाहीतर मोठ्या वाडीकडे जातो. ज्याच्या पायऱ्यांना अजून धार आहे आणि वर पाचोळा आहे, तो बहुतेक एखाद्या बंद घराच्या अंगणात जाऊन संपतो. माणसं मुंबईला, घर फक्त गणपतीत उघडायचं. मे महिन्यात पायरी खरखरीत असते, पाय छान धरून ठेवते. जुलैत त्याच पायरीवर शेवाळ धरतं, तेव्हा मधल्या खळग्यात पाय न टाकता गडग्याच्या बाजूने, पाऊल आडवं ठेवून उतरायचं. मात्र गडग्याला हात लावायचा नाही, त्याचं कारण पुढे सांगते.

वाटेत बेडं लागेल. दोन खांबांना भोकं आणि त्यांतून आडवे सरकवलेले वासे किंवा बांबू. ते सरकवून आत जाणं चुकीचं नाही, वाट तिथूनच आहे. पण गेल्यावर वासे होते तसे परत लावा. उघडं बेडं म्हणजे रात्रीत गुरं आत आणि कुणाचं तरी भात, नाचणी किंवा परसातली भाजी फस्त. वाट कुणाच्या खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून, जात असेल तर थांबून हाक मारा, "घरात कोण आहे का?" म्हणून विचारा आणि मगच ओलांडा. हापूसच्या बागेतून मात्र जवळची वाट काढू नका. फेब्रुवारीपासून मे संपेपर्यंत तिथे राखण असते आणि त्या झाडांवर घराचं वर्षाचं गणित असतं.

वाट विचारायची कशी, हेही सांगते. गावाचं नाव घेऊन विचारू नका, वाडीचं नाव घ्या. एकेक गाव डोंगरभर पसरलेलं असतं, गावात पोचूनही तुम्ही मुक्कामापासून तासभर लांब असू शकता. "किती लांब आहे?" असं विचारलंत तर "हे काय, इथेच" हेच उत्तर मिळणार, कारण सांगणारा रोज ते अंतर चालतो. त्यापेक्षा विचारा: चालत किती वेळ, चढ आहे का, मध्ये पऱ्या (ओढा) लागतो का, आणि त्याला पाणी किती आहे. गुराख्याला किंवा मोळी घेऊन येणाऱ्या बाईला विचारलेलं सर्वांत खात्रीचं. मोबाईलचा नकाशा गाडीरस्ता दाखवतो, पाखाडी क्वचितच.

पहिल्या दिवशी धोपेश्वर करा. बाजारापासून तीनेक किलोमीटर, आणि धूतपापेश्वराचं देऊळ दरीत, मृडानी नदीच्या काठी. रस्ता सोपा आहे, म्हातारी माणसं आणि मुलंही चालतात. पाऊस चालू असेल तर देवळाजवळच्या धबधब्याचा आवाज आधी कानावर येतो. खडकावर उतरायचा मोह टाळा. पाण्याखालचा कातळ साबणासारखा असतो.

माझी आवडती चाल उन्हाळ्याची. उन्हाळे हे गावाचं नाव, आणि झरा गरम पाण्याचा, अर्जुनेच्या अंगाला. पहाटे निघा. थंडीच्या दिवसांत नदीवर धुकं असतं आणि झऱ्याच्या पाण्याची वाफ त्यातच मिसळते. पाणी गोमुखातून पडतं, तिथे चालून दमलेले पाय धरले की पोटऱ्यांची ओढ सुटते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी फार वेळ पाण्यात बसू नये, हे नर्सबाई म्हणून सांगते. तिथून वर चढलात की राजापूरची गंगा. चौदा कुंडं, आणि पाणी आपोआप प्रकट होतं आणि आपोआप जातं. साधारण तीन वर्षांनी गंगा येते असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं, पण अलीकडे तिचं येणं-जाणं बरंच बदललं आहे. आलेली असेल तर गर्दी असते, मग उन्हं चढायच्या आत जाऊन या. नसेल तर कोरडी कुंडं निवांत बघता येतात, दगडी बांधणी तेव्हाच नीट दिसते. कुंडात उतरण्याआधी तिथल्या माणसांना विचारा, नेम असतात.

बारसूचा सडा मात्र बाजारातून चालत गाठण्यासारखा नाही. एसटी किंवा रिक्षाने गावापर्यंत जा आणि तिथून चाला. सडा म्हणजे सपाट उघडा जांभा, सावलीला झाड नाही. तिथे कातळात कोरलेली चित्रं आहेत. एक माणसाची मोठी आकृती आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाघ, ही बघितल्याशिवाय परतू नका. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पायी तुडवून अशी चित्रं शोधली, नोंदवली. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बारसूबरोबर आपल्याच तालुक्यातली देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढेतळी आणि कशेळी त्यात आहेत.

रेषा फार खोल नाहीत. भर दुपारी डोक्यावर ऊन असताना समोर उभं राहूनही चित्र दिसत नाही. सकाळी लवकर किंवा चारनंतर, ऊन तिरपं झालं की खाचेच्या एका कडेला सावली पडते आणि वाघाची पाठ उमटते. चपला काढून कडेने फिरा. फोटो चांगला यावा म्हणून रेषांत खडू, चुना किंवा पाणी घालू नका, आणि कुणी घालत असेल तर त्याला थांबवा.

सड्यावर जायचा उत्तम काळ सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. पाऊस ओसरलेला असतो, आणि कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, कवला फुललेले असतात. पायाखाली काय आहे ते बघून पाऊल टाका. मार्च ते मे सडा दहा वाजताच तापतो. दोन लिटर पाणी, टोपी, छत्री, गूळ-शेंगदाणे आणि चिमूटभर मीठ घातलेलं कोकमाचं पाणी बरोबर हवं. चक्कर आली, घाम यायचा थांबला, की चालणं तिथेच बंद. छत्रीची सावली धरा, कपडे ओले करा आणि मदत बोलवा.

आता गडग्याचं कारण. आपल्या भागात फुरसं हा विषारी साप आहे. वीतभर-हातभर लांब, मातीच्या रंगाचं, दगडाखाली आणि गडग्याच्या फटीत बसणारं. डिवचलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. तो ऐकू आला की मागे सरा. दगड उलटू नका, गडग्यावर टेकू नका, अंधारात बॅटरीशिवाय चालू नका. दंश झालाच तर आवळपट्टी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी-बांगडी काढा, तो हात किंवा पाय हलू न देता माणसाला उचलून गाडीत घाला आणि थेट सरकारी दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करा. सड्यावर रेंज जाते, म्हणून वर चढण्याआधी शेवटच्या घरी सांगून जा की आम्ही इतकेजण, इतक्या वाजता उतरू. आणि उतरल्यावर त्या घरी परत सांगा. नाहीतर ती माणसं दिवे लागल्यावर तुम्हाला शोधायला बाहेर पडतात.

परतीची एसटी सकाळी निघण्यापूर्वीच स्टँडवर विचारून ठेवा. वेळ बदलते, आणि वाडीच्या फाट्यावर शेवटची गाडी बरीच लवकर असते.