गॅमा किरण स्फोटाची जागा काढताना या चुका टाळा

पार्ल्याला आमच्याकडे रविवारी चार-पाच कॉलेजची मुलं जमतात. अंतराळयानांची खुली आकडेवारी उतरवून घ्यायची आणि गॅमा किरणांचा स्फोट, म्हणजे दूर अवकाशातून येणारा या किरणांचा अल्पकाळचा झोत, आकाशात कुठे झाला ते काढायचं, हा आमचा नाद. मागच्या पावसाळ्यात स्फोटाची दिशा आणि दोन यानांना जोडणारी रेषा यांच्यातल्या कोनाचा कोसाइन एकीला १४ आला. कोसाइन १ च्या वर जात नाही, म्हणून तिने सूत्र तीनदा तपासलं. सूत्र बरोबरच होतं: दोन यानांवर पोचण्यातला वेळेचा फरक गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले दोघांमधलं अंतर.

चूक घड्याळात होती. एका फाइलमधली वेळ यूटीसीत (जगभरच्या घड्याळांची प्रमाण वेळ), दुसरीतली टीटीत (खगोलशास्त्रात वापरतात ती वेळ). या दोहोंत सध्या ६९.१८४ सेकंदांचं अंतर आहे. तिचं एक यान पृथ्वीजवळ होतं, दुसरं एल-१ बिंदूपाशी, म्हणजे पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर. प्रकाश तेवढं अंतर ५ सेकंदांत कापतो. मग तिच्यासारखा फरक ७१ सेकंद येईलच कसा? म्हणून आधी हेडर (फाइलच्या सुरुवातीचा माहितीचा भाग) उघडा, त्यात टाइमसिस या वेळेची पद्धत सांगणाऱ्या नोंदीपुढे काय लिहिलंय ते वाचा आणि जास्तीत जास्त फरक किती येऊ शकतो तो वहीत मांडून ठेवा. जीपीएसची वेळ असेल तर ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे असते. मी तरी हे केल्याशिवाय कुणाला भूमितीला हात लावू देत नाही.

यानांची जोडी निवडताना मुलांचं मन ॲस्ट्रोसॅट या भारतीय यानाकडे ओढ घेतं. साहजिक आहे, त्यावरच्या सीझेडटीआय या किरण टिपणाऱ्या उपकरणामागे आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची मेहनत आहे. पण ॲस्ट्रोसॅट आणि नासाचं फर्मी यान दोन्ही पृथ्वीलगत फिरतात. त्यांच्यात फार तर १४ हजार किलोमीटर, म्हणजे जेमतेम ४६ मिलिसेकंद. वेळ मोजण्यातच १० मिलिसेकंदांची चूक असली तर हाती काय लागणार? दूरचा जोडीदार हवाच. १५ एप्रिल २०२० चा स्फोट आधी मंगळाभोवतीच्या मार्स ओडिसी यानावर नोंदला गेला, सुमारे ६.६ मिनिटांनी एल-१ जवळच्या विंड यानावर, आणि आणखी साडेचार सेकंदांनी पृथ्वीजवळच्या यानांवर. एवढं अंतर मिळालं म्हणूनच त्याचा माग एनजीसी २५३ या दीर्घिकेपर्यंत लागला.

दोन यानांवरून फक्त कोन कळतो, म्हणजे आकाशात तेवढ्याच कोनावरच्या सगळ्या बिंदूंचं एक कडं मिळतं, जागा नाही. कडं कितीही बारीक असलं तरी त्यावरची एखादी ओळखीची दीर्घिका धरून बसू नका. तिसरं यान आलं की दोन छेदबिंदू उरतात. त्यातला खरा कोणता, हे फर्मीने नोंदवलेल्या स्फोटाच्या ढोबळ दिशेवरून किंवा पृथ्वीने आकाशाचा कोणता भाग झाकला होता त्यावरून ठरवा. तिन्ही यानं जवळपास एका रेषेत असतील तर कडी एकमेकांवरच पडतात. तेव्हा चौथं यान शोधा.

सगळ्यात जास्त वेळ जातो दोन यानांचे आलेख (वेळेनुसार किती किरण आले ते दाखवणारे) जुळवण्यात. सर्वांत उंच टोकाची वेळ घेऊन वजाबाकी करू नका. लांब स्फोटांत जास्त ऊर्जेचे किरण बहुधा आधी पोचतात, कमी ऊर्जेचे मागून, शिवाय पसरट होऊन. दोन यानांचे ऊर्जापट्टे वेगळे असतील तर तुम्ही स्फोटाचाच स्वभाव प्रवासाचा उशीर म्हणून मोजाल. शक्य तितके सारखे पट्टे घ्या आणि अख्खा आलेख सरकवून जुळवा. संगणकावर करण्याआधी मी हे ट्रेसिंग पेपरवर करायला लावते: एक आलेख खाली, दुसरा वर, बोटाने हळूहळू सरकवायचा. चढ चढावर बसतो ते डोळ्यांना दिसतं, आणि किती सरकवलं तरी बसल्यासारखाच वाटतो तो टप्पाही दिसतो. तेवढी तुमची अनिश्चितता. तीच कड्याची जाडी ठरवते. सुरुवातीला २ सेकंदांच्या आतला, उभ्या चढाचा स्फोट घ्या.