जपानी वुडब्लॉक प्रिंट हातात आली तर काय काय बघायचं

होकुसाई या जपानी चित्रकाराची ती लाट आपण सगळ्यांनीच मगवर, टीशर्टवर नाहीतर मोबाईलच्या वॉलपेपरवर पाहिलीये, पण खरी प्रिंट हातात घ्यायला मिळाली तर चित्राआधी कागद बघा. मालकाला विचारून ती हळूच उलटी करा. वाशी हा जपानी हातकागद चित्र कोरलेल्या, रंग लावलेल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवून मागून बारेन नावाच्या चपट्या गोल चकतीने घासतात, त्यामुळे रंग कागदात मुरतो आणि मागूनही अंधुक दिसतो, कधीकधी घासल्याच्या गोलगोल खुणासुद्धा. भिंगाखाली बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ते साधं ऑफसेटवर छापलेलं पोस्टर, विषय संपला.

मग टॉर्च एका बाजूने तिरका धरा, हा माझा सगळ्यात आवडता भाग. काही प्रिंट्सवर किमोनोची नक्षी किंवा बर्फ शाई न लावताच नुसत्या दाबाने उठवलेला असतो, त्याला काराझुरी म्हणतात, समोरून काढलेल्या फोटोत तो बहुतेक हरवतोच. आकाशाचा गडद निळा हळूहळू फिका होत जातो ती बोकाशी, छपाई करणारा प्रत्येक कागदाच्या वेळी ठोकळ्यावरचा रंग हाताने विरवत नेतो, म्हणून दोन प्रती कधीच तंतोतंत सारख्या नसतात.

एवढं सांगतोय कारण १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनानंतर युरोपात या प्रिंट्सचं वेड पसरलं, चित्रकार मोनेने फ्रान्समधल्या जिव्हर्नीच्या घराच्या भिंती त्यांनी भरल्या, व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या पावसातल्या पुलाच्या प्रिंटची चक्क तैलरंगात नक्कल केली, पण तिकडे नाव झालं ते फक्त चित्रकाराचं. पैसा घालणारा प्रकाशक, लाकडात केसाएवढ्या रेषा कोरणारा कारागीर आणि छापणारा, यांच्याशिवाय ती लाट उभीच राहिली नसती, आणि त्यांचं काम दिसतं ते असं जवळून बघितल्यावरच.

ठोकळा किती झिजलाय तेही बघा. लाटेच्या डाव्या कोपऱ्यात शीर्षकाची चौकट आहे, उशिरा छापलेल्या प्रतींत तिच्या रेषा मध्येमध्ये तुटतात. न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन आणि शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट या दोन संग्रहालयांच्या साइटवर मोठे फोटो फुकट आहेत, शेजारी शेजारी उघडून ताडून बघा.

एक लक्षात ठेवा, यातून प्रिंटचं वय सिद्ध होत नाही. टोकियोत अदाची नावाची संस्था आजही जुनी चित्रं नव्याने कोरून हाताने छापते, ती प्रिंट वरच्या सगळ्या परीक्षा पास होईल, म्हणून विकणाऱ्याला ठोकळा कधी कोरलाय ते स्पष्ट विचारा. माझं मत विचाराल तर पहिली खरेदी अशीच नवी करा, रंग ताजे मिळतात.

जुनी घेतलीत तर खिडकीसमोर अजिबात लावू नका, जुन्या प्रिंट्समधला करडईच्या फुलांपासून केलेला गुलाबी रंग उजेडाने उडतो आणि परत येत नाही. फ्रेममध्ये ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) घाला, आणि सेलोटेप कागदाच्या आसपाससुद्धा नको.